नोकरी सांभाळून एक्स्प्रेशनिस्ट चित्रं: तैलरंग की ॲक्रिलिक?

ऑफिसनंतर जेमतेम दोन तास मिळतात, चित्रं मात्र एक्स्प्रेशनिस्ट, म्हणजे दिसतं तसं न काढता मनातली भावना ओतणारी, जाड, भडक, अंगावर येणारी करायची आहेत. रंग कोणते घ्यावेत?

खरा फरक वाळण्यात आहे. ॲक्रिलिकचा पातळ थर अर्ध्या तासात वाळतो, त्यामुळे एका बैठकीत तीन-चार थर सहज चढतात. तैलरंग दुसऱ्या दिवशीही ओला असतो. कालच्या लालात आज हिरवा ओढला की कड गढूळ, फाटकी होते, आणि या शैलीत ती पुष्कळदा हवीच असते. पॅलेट नाइफने (रंग थापायच्या बोथट सुरीने) थापलेला थर मात्र आतून सुकायला महिने घेतो. १९०५ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला ‘दी ब्र्युके’ हा चित्रकारांचा गट काढणाऱ्या किर्शनर वगैरे एक्स्प्रेशनिस्ट मंडळींपुढे हा पेचच नव्हता. ॲक्रिलिक तेव्हा बाजारात आलंच नव्हतं.

ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो, हे धरूनच छटा लावा.

आवरायला ॲक्रिलिक सोपा, पाण्याने धुतला जातो. पण ब्रश तसाच राहिला तर गेलाच म्हणायचा. तैलरंगाबरोबर तो पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास येतो. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा तर ठेवूच नका, आपोआप पेटू शकतो.

खर्चाचं म्हणाल तर अस्सल कॅडमियम (भडक लाल-पिवळ्या छटांचं रंगद्रव्य) दोन्हींत महागच.

झोपायच्या खोलीतच रंगवत असाल तर ॲक्रिलिक. हवेशीर वेगळी जागा असेल आणि एकच चित्र आठवडाभर घोळवायला आवडत असेल, तर तैलरंग. दोन्ही हवे असतील तर खाली ॲक्रिलिक, वर तैलरंग. उलट केलं तर वरचा थर सुटतो.