तालुक्याच्या थेटरात 'भाग दोन' : आवाज झकास, दिवा थकलेला

धानकापणी आटोपली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्री नाटकांच्या. त्यामुळे तालुक्याच्या गावातलं हे एकपडदा थेटर गर्दीसाठी जुन्या नावाच्या 'भाग दोन'वर टेकतं. शुक्रवार ते रविवार बाल्कनी भरते. सोमवारी मात्र आठवण नाही, कथाच माणसं आणते. 'गदर'चा दुसरा भाग २२ वर्षांनी, २०२३ मध्ये आला आणि चालला. मधल्या काळात टीव्हीने पहिला भाग घरोघरी जिवंत ठेवला होता, हे विसरू नका.

आता यंत्राचं. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा जुना झालाय. पडद्यावर ४८ निट (उजेडाचं माप) उजेड हवा. इथे रात्रीचे प्रसंग काळवंडतात. थ्रीडी तर घेऊच नये. ध्रुवीकरणाच्या चष्म्याला चंदेरी पडदा लागतो, साध्या पांढऱ्यावर डाव्या-उजव्या डोळ्यांची दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात आणि वरून चष्मा अर्ध्याहून जास्त उजेड खातो. लाइन गेली की जनरेटर लगेच सुरू होतो, पण तापलेला दिवा थंड झाल्याशिवाय पेटवत नाहीत. तेवढी कळ काढा. आवाज मात्र झकास. मागून तिसरी रांग, मधली खुर्ची धरा. आलुबोंडा मध्यंतराआधीच सांगून ठेवा.

'तुंबाड' २०१८ चा, २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. अशा थेटराला हेच परवडतं. मोठ्या नव्या भागासाठी वितरक अनेकदा दिवसाचे सगळे खेळ मागतो, जुन्याला रात्रीचा एक पुरतो. फक्त मालकाने आधी दिवा बदलावा.