रत्नागिरीतलं थ्रीडी स्कॅन सेंटर: फोटो झकास, कागद अर्धवट

मी देवगडात ब्लाउज शिवते. कुणाचेच दोन खांदे सारखे नसतात हे मापं घेऊन घेऊन मला पाठ झालंय. पण अकरा वर्षांच्या लेकीची हनुवटी उजवीकडे सरकलीय हे मानायला वेळ लागला. सासूबाई म्हणायच्या, "एका कुशीर निजता म्हणान तोंड वाकडा झाला." निजण्याचा काही संबंध नव्हता. मुंबईच्या सर्जननी तिचा उजवा कान पाहिला, जरासा लहान आणि खाली, आणि हेमिफेशियल मायक्रोसोमिया सांगितलं. पोटात असतानाच चेहऱ्याची एक बाजू कमी वाढते.

त्याआधी मी घरी टेप लावून बसले होते, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत. दीड सेंटीमीटर फरक! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सर्जन म्हणाले, "ताई, जिथून मोजलंत तो कानच खाली आहे." दातांच्या साध्या लांबट एक्स-रेवरही त्यांचा भरवसा नव्हता. मान जरा वळली की त्यात एक बाजू मोठी दिसते. म्हणून सीबीसीटी, म्हणजे एक्स-रेनेच काढलेला जबड्याचा थ्रीडी स्कॅन.

पहाटेच्या एसटीने गेलो. सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. साडेतीन हजार, रोख. पण स्कॅन घेणारी मुलगी लाखात एक. डूल, पिना काढायला लावल्या, नाहीतर धातूच्या रेघा उमटतात. हनुवटीखालचा टेकू काढून कपाळाला पट्टा बांधला, कारण टेकूने हनुवटी दाबली जाते. "दातावर दात ठेव, गिळू नको," एवढं सांगून यंत्र डोक्याभोवती फिरलं, वीस सेकंदही नाहीत. किरणांचं विचारलं, तर न वैतागता म्हणाली, साध्या एक्स-रेपेक्षा जास्त, हॉस्पिटलच्या सीटीपेक्षा बरेच कमी. आणि दोन्हीकडचे जबड्याचे सांधे फोटोत आले का ते आम्हाला सोडायच्या आधी तपासलं. फक्त दातांपुरता छोटा स्कॅन काढला असता तर खेप फुकट होती.

आता रडगाणं. रिपोर्टात काय, तर 'जबड्यात असमानता आढळते'. अहो, ते मला आरशात दिसतंय! आकडे कुठेत? दोन दिवस फोन केल्यावर कागद आला. कानाजवळच्या सांध्यापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंतचा उभा भाग, डॉक्टर त्याला रॅमस म्हणतात, उजवा ४३ मिलिमीटर, डावा ५०. हनुवटी मधल्या रेषेपासून ६.५ उजवीकडे.

तो कागद पाहून सर्जननी कपाळाला हात लावला. मधली रेषा दोन्ही कानांच्या भोकांना धरून ठरवली होती. म्हणजे माझ्या टेपचीच चूक, फक्त महागड्या यंत्रावर. चिठ्ठीत उजव्या कानाचं स्पष्ट लिहिलेलं असताना! त्यांनी मूळ फाइल उघडून नाकाच्या मुळाचा आणि कवटीच्या तळाचे बिंदू धरले, तेव्हा ६.५ चे ४.८ झाले. रॅमसचे आकडे मात्र तेच राहिले, ते दोन बिंदूंमधलं सरळ अंतर असतं ना. मग डावा जबडा आरशासारखा उलटा करून उजव्यावर ठेवला, आणि कमी पडतं ते सगळं निळ्या रंगात दिसलं. लेक म्हणाली, "आई, हे तर अस्तर कमी पडल्यासारखं." सांधा लहान आहे पण आकार नीट आहे, म्हणून तूर्त ऑपरेशन नाही, वाढ बघायची.

पाचपैकी साडेतीन. स्कॅनला पाच, मोजणीला दोन. पुन्हा जायचंय तेही इथेच, म्हणजे तुलना सारख्या पद्धतीने होईल. जाणाऱ्यांनी मूळ डायकॉम फाइल, म्हणजे डॉक्टरांना कॉम्प्युटरवर उघडून मोजता येते ती, मागा, छापील फोटोवर भागवू नका. पेनड्राइव्ह घरून न्या, तिथला चारशेला पडतो.