कॅसेट उचलत नाही: साफ करायचं, दुरुस्तीला द्यायचं की नवा हँडहेल्ड घ्यायचा?

जुन्या गेमबॉयमध्ये, म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये, सेल घातले, लाल दिवा लागला, पण गेम काही सुरू होत नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला ‘फुंकर मार’ आणि दुसरा ‘सोड ना, एसडी कार्डवाला चायनीज घे’, म्हणजे कॅसेटऐवजी मेमरी कार्डावरून गेम चालवणारा नवा हँडहेल्ड. पहिला सल्ला चुकीचा आहे आणि दुसरा घाईचा. जुन्या यंत्रात बहुतेक वेळा बिघाड धातूच्या संपर्काचा निघतो आणि नव्यात कार्डाचा. दोन्हीकडे यंत्र बदलायची पाळी सगळ्यात शेवटी येते.

फुंकरीची सवय आपल्याला टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममुळे लागली. थुंकीतला ओलावा कॅसेटच्या धातूच्या पिनांवर बसतो आणि पुढे त्याच पिना गंजतात. फुंकून गेम चालला असं वाटतं, पण खरं तर कॅसेट काढून पुन्हा बसवताना संपर्क घासला जातो, श्रेय त्याचं. फुंकू नका, असं निन्टेंडोही सांगते.

आधी पडदा काय सांगतोय ते बघा

१९८९ च्या मूळ गेमबॉयमध्ये निदानाची सोय आयतीच आहे. बटण सरकवलं की ‘निन्टेंडो’ हे नाव वरून हळूहळू खाली येतं. हे चित्र यंत्र स्वतःच्या पोटातून काढत नाही, कॅसेटमधून वाचतं. ते ४८ बाइट्सचं असतं. मग ‘टिंग’ असा आवाज होतो आणि यंत्र ते चित्र आपल्या २५६ बाइट्सच्या बूट रॉममधल्या (सुरू होताना चालणाऱ्या कायमच्या मेमरीतल्या) प्रतीशी ताडून बघतं. जुळलं नाही तर तिथेच अडून बसतं. कंपनीने हे कुलूप विनापरवाना कॅसेटी रोखायला लावलं होतं, आपल्याला मात्र फुकटात निदान मिळतं.

नावाच्या जागी नुसता काळा पट्टा खाली आला, तर कॅसेटमधून काहीच वाचलं जात नाहीये. अक्षरं तुटकी किंवा चिवडलेली दिसली, तर काही पिना लागतायत, काही नाही. या दोन्ही वेळा औषध एकच, सफाई. नाव स्वच्छ आलं आणि त्यानंतर गेम अडकला, तर संशय कॅसेटच्या आतल्या भागावर किंवा वीजपुरवठ्यावर घ्यायचा. पडद्यावर उभ्या रेघा दिसत असतील तर तो पडद्याच्या जोडणीचा प्रश्न आहे, गेम लोड होण्याशी त्याचा संबंध नाही.

२००१ च्या गेमबॉय ॲडव्हान्समध्ये आणखी एक गंमत आहे. त्यात जुन्या कॅसेटीही चालतात आणि कोणती कॅसेट आत गेली हे कॅसेट बसवायच्या खाचेतला एक छोटा स्विच ठरवतो. जुनी कॅसेट त्याला दाबते. ॲडव्हान्सच्या कॅसेटचे कोपरे कातरलेले असल्याने तो मोकळा राहतो. म्हणून जुने गेम चालतायत आणि ॲडव्हान्सचे मात्र एकजात अडतायत, असं असेल तर तो स्विच दाबलेल्या अवस्थेत अडकलाय का ते आधी बघा. कॅसेटी घासत बसण्यात अर्थ नाही.

घरी साफ करणं

खर्च सगळ्यात कमी आणि यश मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून सुरुवात इथूनच करावी. आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ९० टक्क्यांच्या वरचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नाहीतर मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागितलं की मिळतं. सॅनिटायझर चालत नाही, त्यातला चिकट भाग मागे राहतो.

कान साफ करायची काडी त्यात बुडवून, जरा निथळून, कॅसेटच्या ३२ पिनांवरून पिनांच्या लांबीच्या दिशेने फिरवायची. बोळा काळा झाला की नवी काडी घ्यायची आणि स्वच्छ निघेपर्यंत हेच करायचं. मग यंत्र बंद ठेवून, तीच किंचित ओलसर कॅसेट खाचेत चारसहा वेळा आत-बाहेर करायची, म्हणजे आतल्या पिनाही पुसल्या जातात. पूर्ण वाळल्याशिवाय बटण सरकवू नका. पॉलिश पेपर तर अजिबात लावायचा नाही. पिनांवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की एकदा खरवडला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हीच रड.

तरी चालला नाही तर सेलच्या खणात बघा. तिथे पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर सेल गळलेले आहेत. व्हिनेगर लावलेल्या काडीने पूड काढून नंतर अल्कोहोल फिरवायचं. चालू-बंद करायचं बटणही मळतं, मग वीज आतपर्यंत नीट पोचत नाही आणि गेम मध्येच दगा देतो. सेल काढून ते बटण पुष्कळ वेळा मागे-पुढे सरकवलं की बऱ्याचदा सुधारतं.

दुरुस्तीला देणं

सेलची गळती बोर्डापर्यंत गेली असेल, खाचेतली पिन वाकली असेल किंवा बटणच बदलायचं असेल, तर दुरुस्तीला देण्यात शहाणपण आहे. मात्र एक अडचण आहे. गेमबॉयचा स्क्रू तीन पात्यांचा असतो आणि मोबाइलवाल्याकडचा बारीक वाय आकाराचा पेचकस त्याला बसत नाही. साध्या पेचकसाने जोर लावला की स्क्रूचं डोकं गेलंच म्हणून समजा. देण्याआधी ‘पेचकस आहे का’ एवढं विचारलं तरी माणूस कळतो.

कॅसेट उघडू देण्याआधी सेव्हचा, म्हणजे साठवलेल्या अर्धवट खेळाचा, विचार करा. अनेक जुन्या कॅसेटींमध्ये सेव्ह जिवंत ठेवायला नाण्याएवढी बॅटरी असते, ती काढली की सेव्ह गेला. ही बॅटरी संपल्यामुळे गेम सुरू व्हायचा थांबत नाही, फक्त खेळ लक्षात राहत नाही. पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये बॅटरी संपल्याची सूचना येते, तेव्हाही फक्त घड्याळ बंद पडलेलं असतं. तेवढ्यावरून कॅसेट भंगारात काढू नका.

फ्लॅश कार्ट

यंत्र ठणठणीत आहे पण कॅसेटी बाद झाल्या किंवा नकली निघाल्या, एवढाच प्रश्न असेल तर हा मधला मार्ग आहे. एव्हरड्राइव्हसारख्या कॅसेटमध्ये मायक्रो एसडी कार्ड बसतं आणि मूळ यंत्रावरच गेम चालतात. सेल जरा लवकर उतरतात. खाच मळलेली असेल तर ही महागडी कॅसेटही अडणारच, म्हणून सफाईच्या आधी ही घेणं म्हणजे पैसे वाया.

एसडी कार्डवाला हँडहेल्ड

मियू मिनी प्लस किंवा अँबर्निकचा आरजी ३५ एक्सएक्स. पडदा उजळ, चार्जिंगची सोय, एकाच यंत्रात कित्येक जुन्या कन्सोलचे गेम. ज्याला फक्त खेळायचंय त्याने सरळ हाच घ्यावा, असं माझं मत आहे. फक्त ‘गेम लोड होत नाही’ या कटकटीतून सुटका होईल अशी आशा नको, इथे ती कटकट फक्त रूप बदलते.

सोबत आलेलं बिननावाचं कार्ड हा सगळ्यात कच्चा दुवा. यंत्र लोगोवर अडलं, सेव्ह टिकेनासे झाले, यादीतले गेम गायब व्हायला लागले, की आधी कार्डातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि चांगल्या कंपनीचं नवं कार्ड आणा. नवं कार्डही एफ-थ्री किंवा एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने पूर्ण लिहून-वाचून तपासा, नकली क्षमतेची कार्डं बाजारात भरपूर आहेत. मियूचं कार्ड फॅट-३२ या फाइल साठवायच्या पद्धतीत फॉरमॅट करायचं. विंडोजची नेहमीची खिडकी ३२ जीबीच्या वर तो पर्याय देत नसेल तर रूफस हा प्रोग्रॅम वापरा.

यादी दिसते पण एखादाच गेम काळा पडदा दाखवतो, तेव्हा कार्डाला दोष देऊ नका. फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये असेल किंवा अर्धवट उतरली असेल. प्लेस्टेशनच्या गेमला ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशा दोन्ही फाइल लागतात. क्यू फाइलच्या आत बिनचं जे नाव लिहिलंय, तेच नाव फाइलला हवं. बायोस फाइल (मूळ कन्सोल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची प्रत) नसली तरी काही गेम चालतात आणि काही अडतात, त्यामुळे माणूस उगाच गेमलाच दोष देतो. हजारो गेम भरून दिलेली कार्डं कायदेशीर नसतात, हेही ठाऊक असू द्या.

मग घ्यायचं काय?

घरात जुना गेमबॉय आधीच आहे आणि पडद्यावर काळा पट्टा येतोय, तर अल्कोहोलची बाटली आणा, दुसरं काही नको. यंत्र नाही पण मूळचंच हवंय, तर सेकंडहँड घेताना फक्त फोटोवर जाऊ नका. कॅसेट घालून बटण सरकवल्यापासून गेमचा पहिला पडदा येईपर्यंतचा, मध्ये न कापलेला व्हिडिओ मागा आणि सेलच्या खणाचा जवळून काढलेला फोटो मागा. टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. मुलांना प्रवासात खेळायला द्यायचंय, तर मियू किंवा अँबर्निक घ्या आणि कार्डाचे पैसे त्याच दिवशी वेगळे काढा.