कपाटातल्या सीडी संगणकावर: ईएसी, डीबीपॉवरअँप की ॲपल म्युझिक?

कामाला लागण्याआधी सीडींची एक चाळणी करून घ्या. आपल्याकडे पन्नास-शंभर गाण्यांच्या 'एमपीथ्री सीडी' भरपूर विकल्या गेल्या. त्या डेटा सीडी असतात, त्या रिप कराव्या (म्हणजे आवाज वाचून त्याच्या फाइली बनवाव्या) लागत नाहीत. फोल्डर उचलून हार्डडिस्कवर टाकला की झालं. त्या फाइली नंतर फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता दाबून ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये) बदलण्याच्या भानगडीतही पडू नका. एमपीथ्री करताना जो आवाज गेला तो परत येत नाही, जागा मात्र दुपटी-तिपटीने जाते. पुढचं सगळं ऑडिओ सीडीबद्दल आहे.

ऑडिओ सीडी नुसती कॉपी का करता येत नाही? तिच्यावर फाइल नसतेच. एका सेकंदाचे ७५ सेक्टर, म्हणजे तुकडे, असतात आणि प्रत्येकातले २,३५२ च्या २,३५२ बाइट आवाजाचे. डेटा सीडीत यातले २,०४८ च माहितीसाठी वापरतात, उरलेल्यांत चूक पकडायची आणि दुरुस्त करायची जादा सोय असते. ऑडिओला ती नाही. ओरखड्यापाशी ड्राइव्हला नीट वाचता आलं नाही, तर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून ती पुढे जाते आणि कुणाला काही सांगत नाही. ही चूक कोणतं सॉफ्टवेअर पकडतं, यावरच निवड करायची.

ॲपल म्युझिक (विंडोजवर आयट्यून्स) सर्वात सोपं आहे: सीडी घातली, इम्पोर्ट दाबलं, संपलं. सेटिंगमध्ये एरर करेक्शनची खूण करता येते, ती नक्की करा. पण कुठला ट्रॅक बिघडला याचा अहवाल मिळत नाही. वीस-तीस चांगल्या स्थितीतल्या सीडी असतील तर चालेल. तीनशे सीडींनंतर कुठेतरी 'टिक' ऐकू आली, तर ती कुठे-कुठे आहे हे शोधायला सगळा संग्रह पुन्हा ऐकावा लागेल.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, फक्त विंडोजवर चालतं आणि मोफत आहे. पहिल्यांदा जुळवणीला अर्धा-पाऊण तास द्या. सिक्युअर मोड निवडा, ड्राइव्ह कॅश करते का (म्हणजे एकदा वाचलेलंच साठवून पुन्हा देते का) ते तपासून घ्या, अ‍ॅक्युरेटरिप (इतरांनी केलेल्या रिपच्या नोंदींशी ताडून बघणारी सोय) चालू करा आणि 'टेस्ट अँड कॉपी'नेच रिप करा. मग प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचे सीआरसी आकडे (वाचलेल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) लॉगमध्ये, म्हणजे अहवालात, येतात. दोन्ही आकडे सारखे आणि खाली 'कॉपी ओके' असेल तर पुढची सीडी घाला. 'सस्पिशस पोझिशन ०:०३:१२' असं आलं, तर तीन मिनिटं बाराव्या सेकंदापाशी हेडफोन लावून ऐका. मॅकवर हेच काम एक्सएलडी मोफत करतं.

डीबीपॉवरअँप विंडोज आणि मॅक दोन्हीवर आहे. ते विकत घ्यावं लागतं, आधी मुदतीपुरतं मोफत वापरून बघता येतं. त्याची खरी कमाई वेगात आहे. सीडी एकदा भरभर वाचून ते अ‍ॅक्युरेटरिपच्या सामायिक नोंदींशी ताडून बघतं. जुळलं की थांबतं, न जुळलेला भागच पुन्हा वाचतं. शिवाय अल्बमची माहिती एकाहून अधिक ठिकाणांहून आणून समोरासमोर दाखवतं. ईएसीची इथे अडचण होते, कारण अल्बमच्या माहितीसाठी ते ज्या फ्रीडीबीवर विसंबून होतं ती सेवा २०२० मध्ये बंद पडली. म्युझिकब्रेन्झ या दुसऱ्या संग्रहातली माहिती देणारं प्लगइन लावलं की बरंच भागतं.

पण वेगाचा हा फायदा तुमच्या कपाटात काय आहे त्यावर ठरतो. अ‍ॅक्युरेटरिपमध्ये नोंद असते ती आधी दुसऱ्या कुणीतरी तीच सीडी रिप केली असेल तरच. इंग्रजी पॉप-रॉक किंवा गाजलेल्या हिंदी चित्रपटांचा संग्रह असेल तर नोंदी सापडतात आणि पैसे वसूल होतात. नाट्यसंगीत, कीर्तन, अभंग, छोट्या कंपन्यांनी काढलेल्या मैफली यांच्या नोंदी बऱ्याचदा नसतात. मग कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, दोनदा वाचून ताडणं आलंच, आणि ईएसी त्यात कुठेही कमी पडत नाही. असा संग्रह असेल तर आमचं मत सरळ ईएसीला. चारशेच्या वर सीडी आणि त्याही बहुतांश प्रसिद्ध असतील तर डीबीपॉवरअँप घ्या.

सॉफ्टवेअरइतकाच फरक ड्राइव्हने पडतो. लॅपटॉपला जोडायची सपाट यूएसबी ड्राइव्ह पन्नास सीडींना ठीक. मोठ्या कामाला डेस्कटॉपची ५.२५ इंची ड्राइव्ह आणि साटा-यूएसबी अडॅप्टर घ्या. अडॅप्टरसोबत १२ व्होल्टचा वीजपुरवठा हवाच, नाहीतर ड्राइव्ह फिरणारच नाही. शक्य असेल तर वेगळ्या कंपनीची दुसरी ड्राइव्हही जवळ ठेवा. एकीवर अडलेली सीडी दुसरीवर पुष्कळदा सुरळीत निघते. शिवाय एकच ड्राइव्ह दोन्ही वेळा तीच चूक करू शकते, दोन वेगळ्या ड्राइव्हचा सीआरसी जुळला तर शंका उरत नाही.

सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि कडेकडे वेग वाढतो, म्हणून चुका शेवटच्या ट्रॅकमध्ये जास्त सापडतात. वेग ८ एक्स किंवा ४ एक्सवर (सीडी वाजवण्याच्या वेगाच्या आठ किंवा चार पट) आणून पुन्हा बघा. पावसाळी हवेत बुरशी धरलेली सीडी साबणाच्या थेंबभर पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका: गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग माहिती खातो, आडवा ओरखडा थोडी-थोडीच खातो. उजेडासमोर धरल्यावर छापील बाजूने टाचणीएवढी भोकं दिसली तर तिथला चकाकणारा थरच गेलेला आहे, तो कशानेही भरून येत नाही.

फॉरमॅटवर फार डोकं खपवू नका. तासाभराची सीडी वेव्हमध्ये (न दाबलेल्या फाइलीत) सुमारे ६०० एमबी, फ्लॅकमध्ये साधारण ३५०, ३२० केबीपीएस एमपीथ्रीत १४४. पाचशे सीडी फ्लॅकमध्ये १७५ जीबीच्या आसपास होतात. जुनी मोनो ध्वनिमुद्रणं तर याहून कमी जागेत बसतात. १ टीबीच्या दोन डिस्क घ्या, एक वापरायला आणि एक दुसऱ्या घरी ठेवायला. आयफोनच्या जगात असाल तर फ्लॅकऐवजी अ‍ॅलॅक (ॲपलचा तसाच फॉरमॅट), गुणवत्ता तीच. विलंबितातून द्रुतात जाताना जिथे ट्रॅक तोडलेला असतो तिथे एमपीथ्री काही प्लेअरवर क्षणभर अडखळते आणि सम हातातून निसटते. फ्लॅकमध्ये हा प्रश्न येत नाही.

खरा वेळ खातात ते टॅग, म्हणजे फाइलीत लिहिलेली गायक-अल्बमची माहिती. 'पं. भीमसेन जोशी', 'भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतलं नाव असे तीन प्रकार झाले की प्लेअर तीन गायक दाखवतो. पहिल्याच दिवशी एक रूप ठरवा आणि कागदावर लिहून समोर चिकटवा. 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये मुख्य कलाकार एकटाच, तबला-पेटीची साथ 'कॉमेंट'मध्ये, राग 'ग्रुपिंग'मध्ये. मग यमन म्हटलं की सगळ्यांचे यमन एकत्र दिसतात. टॅग देवनागरीत लिहा, फाइलचं नाव मात्र रोमनमध्ये आणि आखूड ठेवा, कारण गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात. हे सगळं एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये घाऊक करता येतं, पण दर दहा सीडींनंतर करा. पाचशे सीडींचं एकदम करू म्हणून ठेवलं तर 'ट्रॅक ०१' नावाच्या पाचशे फाइली समोर येतात आणि कुठली कुठल्या सीडीची ते कळेनासं होतं.