झाळकामानंतर दागिना उजळण्यासाठी गंधकाम्ल घ्यावे की सायट्रिक अ‍ॅसिड?

चांदीचा किंवा तांब्याचा दागिना झाळून, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, झाला की त्यावर तापवल्यामुळे धरलेला काळा थर आणि सांध्याला लावलेला, वितळून काचेसारखा झालेला टाकणखार (बोरॅक्स) उरतो. हे दोन्ही काढण्यासाठी दागिना आम्लाच्या पाण्यात बुडवावा लागतो, आणि घरी काम सुरू करणाऱ्याला हे आम्ल आधी ठरवावे लागते. नायट्रिक अ‍ॅसिड घरात आणूच नये. त्यात तांबे पडताच तपकिरी धूर निघतो, आणि सुरुवातीला नुसता ठसका लागला तरी काही तासांनी फुफ्फुसांत पाणी साठून जिवावर बेतू शकते.

गंधकाम्लाचे, म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे, काम झपाट्याचे असते. सुमारे १० टक्के आम्लाच्या कोमट पाण्यात काळा थर काही मिनिटांतच सुटतो, त्यामुळे रोज पुष्कळ नग काढणाऱ्या कारागिराला ते सोयीचे वाटते. मात्र ते पातळ करतानाच मोठा धोका असतो. आम्ल पाण्यात थोडे थोडे ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, कारण निर्माण होणाऱ्या उष्णतेने पाणी क्षणात उकळते आणि आम्लासह तोंडावर उडते. पातळ केलेले आम्लही निरुपद्रवी नसते, कारण कपड्यावर पडलेल्या थेंबातले पाणी उडून जाते आणि आम्ल तीव्र होत मागे राहते. माझ्या सुती कुर्त्यावर असे थेंब उडाले, तेव्हा डागही दिसला नव्हता. धुऊन वाळत घालताना पोटाजवळ मुगाएवढी सहा भोके दिसली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर अशा आम्लांच्या विक्रीची नोंद ठेवणे आणि ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे विक्रेत्याला बंधनकारक आहे.

सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे किराणा दुकानातले लिंबूफूल. एक लिटर गरम पाण्यात सुमारे १०० ग्रॅम पुरते. अर्धा तास थांबण्याची तयारी मात्र हवी. पाणी उकळू देऊ नये, वाफेने घसा खवखवतो. भुकटी डोळ्यांत गेल्यास चांगलीच झोंबते, म्हणून चष्मा इथेही हवाच. याच कामाला वापरली जाणारी सोडियम बायसल्फेटची भुकटी हाताळायला सोपी असली तरी विरघळल्यावर ती गंधकाम्लासारखीच वागते. घरात मुले असतील आणि काम आठवड्याला चार-दोन नगांचे असेल, तर लिंबूफूलच घ्यावे असे माझे ठाम मत आहे. कोणतेही आम्ल असले तरी तापलेला दागिना आधी साध्या पाण्यात विझवावा, मगच आम्लात सोडावा.

वापरलेल्या पाण्याच्या बाबतीत मात्र गंधकाम्ल सरस ठरते. दोन्हींत तांबे विरघळून पाणी निळे होते, आणि हे तांबे माशांना घातक असल्याने ते तसेच मोरीत ओतू नये. गंधकाम्लाच्या पाण्यात फेस थांबेपर्यंत धुण्याचा सोडा टाकला की तांबे निळसर गाळ होऊन तळाशी बसते. लिंबूफुलाचे आम्ल तांब्याला धरून ठेवते, त्यामुळे सोडा टाकूनही पाणी निळेच राहते. लोखंडी चिमटा बुडवला की चांदीवर गुलाबी तांबे चढते, म्हणून एरवी लोखंड या पाण्यापासून दूर ठेवतात. इथे मात्र तोच गुण कामी येतो. गंजणाऱ्या साध्या लोखंडी तारेची घासणी लिंबूफुलाच्या वापरलेल्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवावी, म्हणजे तांबे तिच्यावर चढते आणि निळा रंग जातो. या काळात वायू निघत असल्याने भांड्याला घट्ट झाकण लावू नये.