मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर : गोळी, पंप की इंजेक्शन?

मज्जारज्जूला इजा झाल्यावर शिश्नाला ताठरता येत नसेल किंवा आलेली टिकत नसेल, तर डॉक्टर सहसा गोळी, व्हॅक्यूम पंप आणि इंजेक्शन हे तीन उपाय सुचवतात. निवड करताना गुण कोणाचा जास्त, यापेक्षा इजा कोणत्या पातळीवर आहे, बोटांत किती बळ आहे आणि जोडीदाराची किती मदत मिळेल, हे आधी पाहावे, असे मला ठामपणे वाटते.

गोळी बहुतेकांना सोपी वाटते. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यावी लागते. टाडालाफिलचा परिणाम मात्र ३६ तासांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे घाई उरत नाही. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर अधिक सावध राहावे लागते. अशा व्यक्तीचा रक्तदाब प्रणयाच्या वेळीही एकाएकी चढू शकतो, डोके ठणकते, घाम फुटतो. तेव्हा लगेच थांबून ताठ बसावे, कपडे सैल करावेत आणि मूत्राशय तुंबलेले नाही ना, हे पाहावे. हा रक्तदाब उतरवण्यासाठी कधीकधी नायट्रेट देतात, आणि गोळीचा असर चालू असताना ते दिले गेले तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. म्हणून गोळी केव्हा घेतली, हे जोडीदाराला माहीत असलेच पाहिजे.

पंपात औषधच नसते, हा त्याचा मोठा गुण. शिश्नावर बसवलेल्या नळीतली हवा ओढून रक्त आत आणले जाते आणि मुळाशी कडे (रिंग) चढवून ते अडवले जाते. हे कडे ३० मिनिटांत काढावेच लागते. जिथे संवेदनाच नाही तिथे दुखून जाग येणार नाही, त्यामुळे मोबाईलवर गजर लावणे अत्यावश्यक आहे. शिश्न थोडे गार लागते, हे जोडीदाराला आधीच सांगितलेले बरे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप वापरू नये.

गोळीने गुण आला नाही तरी शिश्नात टोचायच्या इंजेक्शनने बहुधा येतो. मात्र मज्जारज्जूच्या रुग्णांना थोडी मात्राही पुरते, म्हणून पहिली सुई दवाखान्यातच घ्यावी. ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

हात चांगले चालत असतील आणि नायट्रेटचा प्रश्न नसेल, तर आधी गोळी आणि ती लागू पडली नाही तर इंजेक्शन, हा क्रम मला योग्य वाटतो. मानेला इजा होऊन बोटे दुबळी झाली असतील, तर बॅटरीवरचा पंप जोडीदाराच्या हाती देणे अधिक निर्धोक आहे.