वॉकी-टॉकीच्या दिव्याची भाषा: काही महिन्यांच्या वापरानंतर

डोंगरवाटांवर गटातल्या पहिल्या आणि शेवटच्या माणसाला एकमेकांशी बोलता यावं म्हणून घेतलेले हे साधे अ‍ॅनालॉग यूएचएफ (अति उच्च फ्रिक्वेन्सीचे) वॉकी-टॉकी सेट आता ऊन, पाऊस, थंडी सगळं बघून झालेत. आवाज स्वच्छ, बांधणी दणकट, वजन बेताचं. त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते सेटच्या माथ्यावरच्या एकुलत्या एका दिव्याबद्दल. माहितीपुस्तिकेने त्याला जेमतेम दोन-तीन ओळी दिल्यात, पण वाटेत काही अडलं की सगळी भिस्त त्याच्यावरच असते.

पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण दाबलं की दिवा लाल होतो. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं. तसं नाही, सेट प्रक्षेपण करतोय एवढाच त्याचा अर्थ. आणि तो फक्त आपल्या सेटपुरतं सांगतो. मध्ये डोंगराची सोंड आलेली असो की अँटेना सैल असो, लाल दिवा तसाच लागतो. निरोप पोचल्याची खूण एकच, समोरून आलेलं उत्तर. म्हणून आमच्यात ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय तो पोचला असं धरत नाहीत.

बटणाला हात नसताना लाल दिसला तर मात्र लगेच बघावं. सॅकच्या पट्ट्याखाली बटण दाबलं गेलेलं असतं आणि तोवर त्या चॅनलवर कुणालाच धड बोलता येत नाही. सेटमध्ये टाइम-आउट टायमर असेल तर तो चालू ठेवा, ठरलेल्या वेळानंतर प्रक्षेपण आपोआप तुटतं.

हिरव्या दिव्याने मला सगळ्यात जास्त मदत केली आहे. हिरवा म्हणजे या फ्रिक्वेन्सीवर कुणाचा तरी सिग्नल येतोय. पण दिवा हिरवा आणि स्पीकर गप्प, असंही होतं. आवाज वाढवूनही काही ऐकू येत नसेल तर बहुधा दोन सेटचे सीटीसीएसएस टोन, म्हणजे आपल्या गटाची खूण म्हणून बोलण्यासोबत जाणारे सूर, जुळत नसतात. हा टोन आवाजाच्या तळाशी सतत चालू असतो, साधारण 67 ते 254 हर्ट्झ, आणि तो ओळखल्याशिवाय सेट स्पीकर उघडत नाही. टोन न बघता स्पीकर उघडणारं मॉनिटरचं बटण दाबून धरलं की बोलणं ऐकू येतं आणि शंका फिटते. समोरच्याने बटण दाबूनही हिरवा लागतच नसेल तर टोनच्या मागे लागू नका. फ्रिक्वेन्सी, अंतर, अँटेना तपासा. दोन सेटवर चॅनलचा आकडा एकच असला तरी आत भरलेली फ्रिक्वेन्सी वेगळी असू शकते. निघण्याआधी थोड्या अंतरावर उभं राहून एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने हिरवा दिवा बघायचा आणि आवाजही ऐकायचा. यात एक मिनिटही जात नाही.

बॅटरी उतरली की आमच्या सेटवर लाल उघडझाप होते आणि बीप येतो. ही सूचना उशिरा येते. नुसतं ऐकताना सेट फार कमी वीज खातो, बोलताना कितीतरी पट जास्त. त्यामुळे 7.4 व्होल्टची बॅटरी ऐकताना ठणठणीत भासते आणि बटण दाबताच व्होल्टेज खाली बसतं. बोलताना दिवा मंदावला किंवा मध्येच विझला, तर बीपची वाट न बघता बॅटरी बदलावी.

चार्जरचा हिरवा दिवाही डोळे मिटून मानू नये. आमचा चार्जर रिकामा असला तरी हिरवाच दिसतो. उतरलेली बॅटरी ठेवताच तो लाल व्हायला हवा. झाला नाही तर बॅटरीला चार्जिंग लागलेलंच नाही, बहुतेक वेळा संपर्काच्या पत्र्यांवर मळ असतो. कोरड्या कापडाने पुसलं की काम होतं.

माझा खरा आक्षेप रचनेवर आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकाच ठिपक्यातून येतात. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक कमी नाहीत, पुरुषांत तर बरेच. दुपारच्या उन्हात धड डोळ्यांनाही रंग ओळखणं जड जातं. दोन दिवे वेगवेगळ्या जागी दिले असते तर नुसत्या जागेवरून कळलं असतं. नवीन सेट घेणार असाल तर दुकानाबाहेर उन्हात नेऊन दिवा बघा, आणि बॅटरी उतरल्याची सूचना आवाजातही मिळते ना, हे विचारून घ्या.